कारागीर ‘उद्या’ म्हणतो

६ जानेवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाले, “आजोबा, तुम्हाला रोग नाही, काळजी आहे. मनात साठवू नका, लिहून काढा.” गोळी न देता पेशंटला वाटेला लावणारा डॉक्टर आजच पाहिला. तरी लिहायला बसलो आहे. सातवीत शाळा सुटली, तेव्हा चुकांना हसायचे असेल त्याने खुशाल हसावे.

काळजी अशी. माझे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान आहे आणि दुकानात गिऱ्हाईक नाही. काल जेवताना चिरंजीव म्हणाले, “बाबा, मार्चअखेरपर्यंत बघू. नाहीच जमलं तर गाळा त्या मोबाईल कव्हरवाल्याला देऊन टाकू. तो केव्हाचा मागे लागलाय. तुम्ही आता घरी बसा, आराम करा.”

आराम! घरी बसलेली माणसे मी पाहिली आहेत. सकाळी पेपर, दुपारी पेपर, संध्याकाळी तोच पेपर. माझ्या बाकावर पान्हे आहेत, तेलाची बुधली आहे, खिडकीतून उजेड येतो. तिथून उठलो तर मी कोण?

हिला म्हणालो, “ऐकलंस? हा मला घरी बसवतोय.”

ही पोळी लाटत होती. लाटणे थांबले. “दिवसभर?”

“दिवसभर.”

“रोज?”

“रोज.”

हिने गॅस बंद केला. मग म्हणाली, “दुकान चाललंच पाहिजे.” माझ्याबद्दल हिला एवढी कळकळ असेल असे वाटले नव्हते.

९ जानेवारी, गुरुवार

सूनबाईंनी मार्ग काढला. त्या कुठल्याशा कंपनीत लोकांच्या वेबसाइटी सांभाळतात. म्हणाल्या, “बाबा, हल्ली मशीन बिघडली की लोक शेजारी विचारत नाहीत, गूगलला विचारतात. आपण गूगलच्या पहिल्या पानावर दिसलो पाहिजे. दुसऱ्या पानावर कुणी जात नाही.”

“मग त्याला सांग ना आपल्याला वर घ्यायला. तुझी ओळख असेल.”

“ओळख चालत नाही. दोनच गोष्टी लागतात. आपल्या साइटवर लोकांच्या उपयोगाचं लिखाण हवं, आणि दुसऱ्या चांगल्या साइटांनी आपल्याकडे बोट दाखवायला हवं. त्याला लिंक म्हणतात.”

म्हणजे शेवटी चार माणसांनी चांगले म्हणायला पाहिजे. एवढेच होते तर इंग्रजी शब्द कशाला?

दुकानाची वेबसाइट सूनबाई उभी करणार, लेख मी सांगणार. ही मध्येच म्हणाली, “जगाच्या मशिनी नंतर. आधी घरची बघा.” हिची जुनी काळी मशीन बैठकीच्या कोपऱ्यात आहे. तिच्यावर चादर, चादरीवर फुलदाणी. चालवली की खटखट करते, म्हणून बंद ठेवली आहे. मी म्हणालो, “उद्या बघतो.” इथे दुकान बुडते आहे आणि हिला खटखटीचे पडले आहे.

१५ जानेवारी, बुधवार

पहिला लेख झाला. स्वतः बोलून लिहून घेतला. “आमचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान हे शिलाई मशीन दुरुस्ती करणारे उत्तम शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान असून ज्यांना शिलाई मशीन दुरुस्ती करायची असेल त्यांनी शिलाई मशीन दुरुस्तीसाठी यावे.”

सूनबाई म्हणाल्या, “बाबा, हा लेख आहे की जप?”

मी म्हटले, “लोक हेच शब्द शोधणार. जितक्या वेळा तेवढं चांगलं.”

“गूगलला आता ही युक्ती कळते. तो उलट खाली ढकलतो.”

मी ऐकले नाही. आमच्या घरात हट्टाचा मान वडिलांचा असतो.

२१ जानेवारी, मंगळवार

मी जिंकलो! रोज सकाळी चहाबरोबर फोनवर ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ शोधतो आणि आपली साइट उघडून समाधानाने बंद करतो. आज आपण पहिल्या पानावर पहिले! चिरंजीवांना दाखवले. ते “वा” म्हणून ऑफिसला गेले. सूनबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडले, पण मी वाट पाहिली नाही. आनंद शेजारी सांगायचा असतो.

सलूनवाल्याकडे गेलो. तो गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होता. म्हटले, “काढ तुझा फोन. शोध आम्हाला.”

त्याने ओल्या बोटाने शोधले. पहिले पान. दुसरे पान. तिसऱ्या पानावर फेसवाला गिऱ्हाईक म्हणाला, “काका, सापडेपर्यंत माझी दाढी पुन्हा वाढेल.”

आम्ही कुठेच नव्हतो.

संध्याकाळी सूनबाई म्हणाल्या, “तेच सांगणार होते. तुमचा फोन तुम्हाला ओळखतो. तुम्ही रोज आपलीच साइट उघडता, त्याला वाटतं यांना हीच आवडते, हीच दाखवू.”

म्हणजे फोनसुद्धा तोंडदेखले बोलतो. मग माणसाने विश्वास कुणावर ठेवायचा?

छातीत धडधडते आहे. ही म्हणते, ते दुपारच्या वाटाण्यांमुळे.

३० जानेवारी, गुरुवार

लिंकचे मी मनावर घेतले. सलूनवाल्याच्या मुलीने त्याच्या दुकानाची साइट केलेली आहे. आमचे ठरले: त्याने माझ्याकडे बोट दाखवावे, मी त्याच्याकडे. त्याने केस कापण्याच्या फोटोंखाली लिहिले, “उत्तम कारागिरीसाठी इथेही भेट द्या,” आणि खाली माझा पत्ता. सूनबाईंना कळवले नाही. थोडे आपणही करावे.

आज दुकानात एक धिप्पाड गृहस्थ आले. इतक्या दिवसांनी गिऱ्हाईक! मी स्टूल पुसून दिले. ते बसले, कॉलर सैल केली आणि म्हणाले, “मागून बारीक करा.”

मी म्हटले, “काय?”

“केस हो. आणि कल्ले सरळ.”

माझ्या हातात कात्री होती हे खरे, पण ती दोरा कापायची.

सूनबाई पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, “बाबा, बोट कोण दाखवतं यालाही किंमत असते. शिवणकाम जाणणाऱ्या माणसाने दाखवलं तर गूगल मानेल. न्हाव्याने सांगून काय उपयोग?”

बरोबर आहे. मुलीच्या स्थळाची चौकशी आपण दूधवाल्याकडे करत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सूनबाई अडून बसल्या आहेत. “बाबा, जप नको. दुकानात आलेल्या माणसाला जे सांगता तेच लिहा.”

इथेच माझी खरी पंचाईत आहे. दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही म्हणून इथे लिहितो. “मशीन बंद पडली” म्हणून जे लोक येतात, त्यातल्या निम्म्यांची मशीन बिघडलेलीच नसते. सुई उलटी बसवलेली असते. सुईची एक बाजू चपटी असते. ती आमच्याकडच्या बहुतेक मशिनींना कोणत्या बाजूला हवी हे ठरलेले असते. उलटी बसली की टाके गळतात, दोरा तुटतो, आणि बाई घाबरून मशीन घेऊन येते. मी सुई फिरवतो, थोडे तेल घालतो, गंभीर चेहऱ्याने “झालं” म्हणतो.

हे जगाला सांगितले तर निम्मे गिऱ्हाईक घरच्या घरीच बरे होईल. आपल्या पायावर धोंडा मारण्यासाठी वेबसाइट कशाला हवी, तो असाच मारता येतो.

ही म्हणाली, “तुमच्याकडे सध्या निम्मं गिऱ्हाईक आहे कुठे? शून्याचं निम्मं किती?”

सातवीपर्यंत शिकलो आहे. उत्तर येत होते. दिले नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लिहिले. सुईचे सगळे लिहिले. दोरा कसा ओवावा, खालच्या दोऱ्याची बॉबिन कुठल्या अंगाने बसवावी, खाली दोऱ्याचा गुंता होतो तेव्हा चूक बहुधा वरच्या दोऱ्यात कशी असते, तेल कुठे घालावे आणि कुठे अजिबात घालू नये. सूनबाईंनी फोटो काढले. फोटोसाठी मी इस्त्रीचा शर्ट घातला. फोटोत फक्त माझी बोटे आली.

लेखाखाली प्रश्न विचारायला जागा केली आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

व्हायचे तेच झाले. फोन येतात! दिवसभर येतात! “काका, सुई फिरवली, मशीन सुरू झाली. देव तुमचं भलं करो.” दुसरी बाई: “काका, तुमच्यामुळे दुकानात जायची वेळच आली नाही.” तिसरी तर म्हणाली, “आता मी शेजारणींच्या मशिनीही बघते.”

म्हणजे प्रतिस्पर्धी मीच तयार केले.

दुकानात दिवसभर मी, पंखा आणि एक माशी. मोबाईल कव्हरवाला येऊन भिंतीची लांबी टेपने मोजून गेला. “सहज,” म्हणाला. सहज कुणी टेप घेऊन फिरते का?

हिला म्हणालो, “तुमच्या दोघींच्या सल्ल्याने दिवाळं निघालं.” ही फोनमध्ये काहीतरी टाइप करत होती. हल्ली सासू-सुना एकाच फोनमध्ये डोके घालून बसतात. मी गेलो की फोन उलटा होतो. स्वयंपाकाचे व्हिडिओ बघतात म्हणे. मग भाजीत सुधारणा का नाही?

३ मार्च, सोमवार

लेखाखाली एक बाई प्रश्न विचारू लागल्या आहेत. नाव दिलेले नाही, ‘वैतागलेली’ अशी सही करतात. आधी विचारले, तेल किती दिवसांनी घालावे. मग विचारले, चादरीखाली ठेवलेली मशीन खराब होते का. मी सविस्तर उत्तर दिले की हो, होते, मशीन ही चालण्यासाठी असते, तिचे टेबल करू नये. त्यावर बाईंनी लिहिले, “हे आमच्याकडे कुणाला तरी समजावून सांगा.”

फार समंजस बाई आहेत. अशी माणसे घरोघरी असती तर!

सूनबाई म्हणतात, प्रश्नोत्तरे लोक आवडीने वाचतात. साइट चौथ्या पानावर आली, सलूनवाल्याच्या फोनवरसुद्धा. आता मी रोज त्याच्याच फोनवर बघतो. त्याचा फोन मला ओळखत नाही, म्हणून खरे बोलतो.

८ मार्च, शनिवार

आज फार संताप झाला आहे. ‘वैतागलेली’ बाईंनी लिहिले:

“माझी जुनी काळी मशीन आहे. चालवली की खालून खटखट वाजते. ओळखीचा एक कारागीर आहे. चांगला नावाजलेला आहे. पण कधीही विचारा, ‘उद्या बघतो’ म्हणतो. माझा मुलगा शाळेत होता तेव्हापासून उद्या चालू आहे. काय करावे?”

मी सूनबाईंना म्हटले, लिहून घे, एक शब्द बदलायचा नाही.

“बाई, खटखट बहुधा बॉबिन बसते त्या शटलच्या घरात दोरा किंवा कचरा अडकल्याने होते. अर्ध्या तासाचे काम आहे. पण तुमचा तो कारागीर या धंद्याला कलंक आहे. ज्याला अर्ध्या तासाचे काम इतक्या वर्षांत झाले नाही, त्याने पान्हे नदीत टाकावेत. नावाजलेला कसला? अशा माणसाला घरी आला तर चहा देऊ नका, जेवायला तर मुळीच घालू नका. तुम्ही मशीन माझ्याकडे आणा. मी स्वतः, तुमच्यासमोर, फुकट दुरुस्त करीन. हा माझा शब्द आहे.”

सूनबाईंचा आवाज कापत होता. म्हणाल्या, “बाबा, नक्की हेच टाकू?”

“हेच! उलट मी सौम्य लिहिलंय.”

पदर नव्हता म्हणून त्या तोंडावर ओढणी घेऊन आत पळाल्या. मुलगी हळवी आहे. दुसऱ्याचा त्रास बघवत नाही तिला.

रात्री जेवायला ताट नव्हते. ही म्हणाली, “थांबा, विचार करतेय. घालू नका असं कुठेतरी वाचलं.” काय वाचते कुणास ठाऊक. उपासाचे असेल. शेवटी वाढले, पण चहा मात्र मागूनही मिळाला नाही.

१५ मार्च, शनिवार

विलक्षणच झाले. शहराच्या पलीकडच्या अंगाला मोठा शिवणवर्ग आहे. तिथल्या बाई नावाजलेल्या आहेत, त्यांची वेबसाइट शिवणारा प्रत्येक जण वाचतो म्हणे. त्यांनी माझे ते रागावलेले उत्तर त्यांच्या पानावर लावले आणि वर लिहिले, “कारागीर असावा तर असा. सुईचे गुपित सांगून टाकणारा आणि आळशाला सुनावणारा. माझ्या विद्यार्थिनींनो, या पानावरचे सगळे वाचा.” आणि खाली आपली लिंक!

मग इतरांनी लावली. कुणी विचारतेय, “मिळाला का तो उद्यावाला?” कुणी लिहिले, “आमच्याकडेही असाच एक आहे, पण तो नवरा आहे.” हे वाचून मला हसू आले. किती बायकांना काय काय सोसावे लागते!

हिलाही वाचून दाखवले. हीसुद्धा फार हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

२४ मार्च, सोमवार

सलूनवाल्याच्या फोनवर पहिले पान. वरून तिसरे. त्याने वस्तरा बाजूला ठेवून माझ्याशी हात मिळवला.

आणि गिऱ्हाईक येते आहे! सुई फिरवूनही ज्यांचे भागले नाही ते सगळे येतात. तुटलेले दाते, सैल शटल, घासलेले दांडे. खरी दुखणी. एक जण म्हणाली, “काका, जो सुई फुकट सांगतो तो बाकीचं खोटं सांगणार नाही, म्हणून लांबून आले.”  तेल शोधायच्या निमित्ताने बाकाखाली वाकलो.

तरी काळजी आहेच. मार्च संपत आला. चिरंजीव काही बोलत नाहीत. आणि त्या वैतागलेल्या बाई अजून आल्या नाहीत. मी शब्द दिला आहे. रोज एक स्टूल त्यांच्यासाठी रिकामे ठेवतो.

३१ मार्च, सोमवार

सविस्तर लिहितो.

सकाळपासून दुकानात गर्दी. दुपारी चिरंजीव आले, बरोबर तो कव्हरवाला. मी समजलो.  पण त्यांना आत यायला जागाच नव्हती. एका आजीबाईंनी चिरंजीवांच्या हातात त्यांची मशीन दिली, “धर रे जरा, नवा दिसतोस,” आणि ते ती कवटाळून दारात उभे राहिले.

तेवढ्यात रिक्षा थांबली. आतून ही उतरली. मागून सूनबाई आणि रिक्षावाला, दोघांच्या मध्ये आमची काळी मशीन!

मी म्हटले, “अगं, हे काय?”

ही सगळ्या बायकांसमोर त्या राखून ठेवलेल्या स्टुलावर बसली. पदराने कपाळ पुसले आणि म्हणाली, “मशीन आणा, समोर बसून फुकट करून देईन, असा शब्द दिलाय ना तुम्ही?”

“तो त्या बाईंना दिलाय!”

“मग मी बाई नाही?”

दुकान हसले. आजीबाई म्हणाल्या, “कर की रे बाबा. हीही ग्राहकच.”

शब्द तो शब्द. गिऱ्हाइकांची माफी मागून मशीन उलटी केली, शटल काढले. आत कचरा दाबून बसलेला, आणि त्यात अडकलेला दोऱ्याचा एक तुकडा, निळा. चिमट्याने ओढून उजेडात धरला. मला ओळखू येईना.

चिरंजीव मशीन कवटाळूनच पुढे वाकले. “हा माझ्या गणवेशाचा आहे. आईने बाही शिवली होती तेव्हाचा. तिने मग दुसरी बाही हाताने शिवली.”

 मी साफ केले, तेल घातले, पट्टा चढवला. हिने पायडलवर पाय ठेवला. मशीन चालली. खटखट नाही. अगदी पूर्वीसारखी, पावसाच्या सरीसारखी एकसारखी.

कव्हरवाल्याने चिरंजीवांना हळूच विचारले, “मग गाळ्याचं उद्या नक्की करू या?”

चिरंजीव म्हणाले, “आमच्या घरात उद्या म्हणजे किती वर्षं, ते आत्ताच कळलंय. तुम्ही दुसरीकडे बघा.” आणि आजीबाईंची मशीन बाकावर ठेवून मला म्हणाले, “बाबा, पुढची ही घ्या.”

तेव्हा हातात पान्हा होता म्हणून बरे. नाहीतर हात कुठे ठेवावे ते कळले नसते.

५ एप्रिल, शनिवार

कोपऱ्यातली चादर आणि फुलदाणी गेली. ही दुपारभर मशीनवर असते. माझ्यासाठी पायजमा शिवते आहे. एक पाय झाला. दुसरा कधी विचारले तर म्हणते, “उद्या.”

आज ‘वैतागलेली’ बाईंचे पुन्हा आले. लिहितात, “माझी मशीन झाली. कारागीर सुधारला. फक्त तेल जरा जास्त घातले.”

मला फार वाईट वाटले. एवढे दिवस स्टूल रिकामे ठेवले आणि बाई शेवटी त्याच आळशाकडे गेल्या! आणि तेल जास्त घातले म्हणे. जुन्या, बंद पडलेल्या मशीनला पहिल्यांदा तेल जास्तच घालायचे असते. मी हिच्या मशीनला तेवढेच घातले. तेव्हा तो माणूस आळशी असला तरी कामाचा जाणकार असला पाहिजे, हे मान्य करावे लागेल. सूनबाईंना तसेच उत्तर लिहून घ्यायला सांगितले.

सूनबाई लिहीपर्यंत पलीकडे मशीन थांबली होती. उत्तर गेले आणि हिचा फोन वाजला. हिने वाचले, हसली, आणि न मागता चहा आणून दिला.